नरसीची नर्स

सरकारी दवाखान्यात औषधाची बाटली घरून आणायची, असा आमचा नियम होता. लोक बाटली हमखास विसरायचे, पण सांगायला काहीतरी घेऊन यायचेच. मी तिथला कंपाउंडर, त्यामुळे मिक्श्चर ओतता ओतता ते सगळं माझ्याकडेच साठत गेलं. आता औषधांची नावंसुद्धा आठवत नाहीत, हे मात्र डोक्यातून जात नाही. आज फक्त गिरजाबाईच्या अर्जाचं सांगतो, नाहीतर तुमचा चहा गार होईल!

राज्य निजामाचं होतं. पोलीस ॲक्शनला अजून चार-पाच वर्षं होती. हिंगोलीच्या आमच्या दवाखान्यात आम्ही चौघं: हैदराबादकडचे डॉक्टरसाहेब, मी, मलमपट्टी करणारा गणपत आणि आया गिरजाबाई. गिरजाबाई नरसीची. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा तापानं गेला, तेव्हापासून ती दवाखान्यात होती. तिच्या आवाजातच असा धीर होता की अडलेली बाई तो ऐकूनच निम्मी मोकळी व्हायची. साहेबांनी ठरवलं, हिला हैदराबादला नर्सच्या ट्रेनिंगला पाठवायचंच. एकच अट अवघड होती: वय पंचवीसच्या आत पाहिजे.

*

आता गिरजाबाईचं वय कुणाला ठाऊक? तिच्या आईला गावाहून बोलावलं.

"काळी म्हैस व्याली, त्या साली झाली," आई म्हणाली.

"कोणत्या साली व्याली?"

"ती तर दर दोन सालाला व्यायची की!"

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग गिरजाबाईला उजेडात उभं केलं आणि म्हणाले, "मुंह खोलो." अक्कलदाढ बघून अंदाज बांधायचा त्यांचा विचार होता.

तोंड उघडायच्या आधी गिरजाबाईनं विचारलं, "साहेब, बैल घ्यायचा हाय का?"

शेवटी 'चोवीस' लिहिलं. म्हणजे हातात एकच साल. यंदा जमलं तर जमलं, नाहीतर जन्मभर फरशी पुसायची.

*

फॉर्मात वजनाचा रकाना होता. आमच्याकडे काटे दोनच, एक पुड्यांचा आणि एक तान्ह्या लेकरांचा. तेव्हा गिरजाबाईला घेऊन जिनिंगवर गेलो. तिथल्या मापाड्यानं तिला कापसाच्या काट्यावर उभं केलं, वजन पाहिलं आणि सवयीनं ओल्या कापसाची घट धरतात तसा कडता कापून आकडा सांगितला!

"दादा, म्या कापूस न्हाई!" गिरजाबाई काट्यावरूनच ओरडली.

"दिसून राहिलं मला," तो वर न बघता म्हणाला, "पर नियम सगळ्याला बराबर."

*

चालचलनाचा दाखला गावच्या पाटलाकडून आणायचा होता. पाटील भला माणूस, पण आयुष्यभर त्यानं एकाच प्रकारचे दाखले दिलेले, बाजारात जनावर विकायला नेताना लागतात ते. त्यानं लिहून दिलं: 'सदर बाई याच गावची. रंग सावळा, अंगानं धडधाकट. मारकी नाही. दावं तोडून पळाल्याची तक्रार नाही.'

गणपतला मी तो वाचून दाखवला. गणपत म्हणाला, "दात साहेबानं बघितलेच हायेत. आता निस्तं बाजारात हुभं करायचं राह्यलं!"

साहेब तो कागद फाडायलाच निघाले होते. मी म्हटलं, राहू द्या, त्यात खोटं तर काही नाही. उर्दूत तर्जुमा होईपर्यंत तो दाखला बराच माणसात आला.

*

इतकं झाल्यावर आईच्या मनात शंका आली. ती थेट साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, हे शिकल्यावर पोरगी तुमच्या वर का खाली?"

साहेब मिशीतल्या मिशीत हसले. "नीचे, अम्मा. डॉक्टर ऊपर."

"मंग काहून धाडायचं तिला? बाळंतपनं तर आताबी तीच करते. तुमी निस्ती सही करता!"

त्या दिवशी साहेबांनी दुपारचा चहा घेतला नाही.

*

अर्ज उर्दूतून करायचा होता. तो तहसिलीतल्या मुन्शीजींनी लिहिला. उर्दूत 'नर्स' आणि 'नरसी' यांत शेवटच्या एका अक्षराचा फरक, आणि मुन्शीजींना प्रत्येक शब्दाच्या शेवटी पोचायच्या आत पुढच्या शब्दाची घाई!

महिनाभरानं अर्ज परत आला. वर शेरा: 'उमेदवार आधीच नर्स आहे. ट्रेनिंगची जरुरत नाही.'

साहेब भडकले. "नरसी इसका गांव है, काम नहीं! बाप वहीं का, भाई वहीं का, लिखो साफ साफ!" पण ते साफ साफ लिहिलं कुणी? मुन्शीजींनीच!

दोन महिन्यांनी जबाब आला: 'उमेदवार नर्स, बाप नर्स, भाऊ नर्स. हा काय मामला आहे, खुलासा करावा.'

गणपत म्हणाला, "साहेब, आपला दवाखानाच तिकडं हलवू. येवढ्या नर्सा एका घरात कुठं गावायच्या?"

आम्ही पोट धरून हसलो. पण या लिखापढीत साल सरत आलं होतं. गिरजाबाई रोज टपालवाल्याच्या पिशवीकडे बघायची आणि बादली उचलून आत जायची. ते मला बघवत नसे. मुन्शीजींचा तर असा राग यायचा की त्यांच्या खोकल्याच्या औषधात मी मुद्दाम साखर कमी घालायचो.

शेवटी साहेबांनी स्वतः अर्ज लिहिला, पत्ता 'हिंगोली' टाकला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. तोवर आमच्याच दाखल्याप्रमाणे गिरजाबाईला पंचवीस पूर्ण झाली होती.

*

तरी मुलाखतीची तालीम आम्ही घेतलीच. मुलाखत घेणारी मेमसाहेब मी झालो, डोक्यावर गॉजची टोपी घालून. साहेबांनी गिरजाबाईकडून एक वाक्य घोकून घेतलं होतं, "आय वॉन्ट टु सर्व्ह."

मी आवाज बारीक करून विचारलं, "काहून व्हायचं तुला नर्स?"

ती वाक्य विसरली. म्हणाली, "आमच्या मालकाला नेमकं काय झालतं, ते अजून कुनीच सांगितलं न्हाई. शिकले तर समजंल."

मी टोपी काढून ठेवली. मला फार वाईट वाटलं.

गणपत म्हणाला, "हेच सांग माय तिकडं. ते विंग्रजी राहू दे साहेबाला."

*

हैदराबादला आम्ही चौघंही गेलो. साहेब शिफारशीला, मी कागद सांभाळायला, गणपत ट्रंक उचलायला. दवाखान्याला कुलूप!

मुलाखतीला एक गोऱ्या मेमसाहेब, एक बडे डॉक्टर आणि एक कारकून. कारकुनानं कागद चाळले आणि पहिल्या झटक्यात नेमकं तेच धरलं. "मॅडम, उम्र ज्यादा हो गई."

"पहले काम देखेंगे," मेमसाहेब म्हणाल्या. पेशंट म्हणून दारातल्या गणपतला आत घेऊन टेबलावर आडवं केलं. आता गणपत आमचा, तेव्हा त्याच्या काळजीनं मी आत शिरलो. माझ्या मागून आमचे साहेब. सगळे टेबलाभोवती गोळा झालो.

"पेशंट अभी आया है," मेमसाहेबांनी विचारलं. "सबसे पहले क्या करेगी?"

आधी आत जाऊन आलेल्या मुली आम्हाला बाहेर सांगत होत्या, कुणी 'नाडी' म्हटलं होतं, कुणी 'थर्मामीटर'. गिरजाबाईनं पदर खोचला.

"चला, भाईर व्हा! भाईर! हवा येऊ द्या त्याला!"

आणि दोन्ही हात पसरून तिनं आम्हाला दाराकडे रेटलं. आधी मी, मग आमचे साहेब, मग बडे डॉक्टर, मग फायलीसकट कारकून आणि शेवटी मेमसाहेब! आतून कडी लागली.

व्हरांड्यात कुणी कुणाकडे बघेना. आमचे साहेब हळूच पुटपुटले, "कमिटी बाहर, उमेदवार अंदर!"

कारकुनानं उभ्यानंच फाईल उघडली. "मॅडम, उम्र का क्या लिखूं?"

मेमसाहेबांची नजर दारावर खिळली होती. "चौबीस," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात कडी निघाली. दार चार बोटं उघडलं आणि फटीतून गिरजाबाईनं आम्हा सगळ्यांवर नजर फिरवली.

"पेशंटजवळ एकच मानूस. कोन येतंय?"

मेमसाहेबांनी हात वर केला!