फळा ऐकत होता

नवा मिक्सर खोक्यातून काढला की थर्माकोल आणि प्लॅस्टिकचा जो वास येतो, त्याने मला हटकून चाकणच्या शाळेतला माझा मराठीचा तास आठवतो. वर्गात नवाकोरा स्मार्टबोर्ड बसवला होता आणि मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, "बाई, आता खडू बंद. तुम्ही नुसतं बोला, फळा लिहील." बाहेर कांद्याच्या ट्रकांचे हॉर्न चालू होते, म्हणून खिडक्या लावून घेतल्या. माईकचं बटण दाबलं आणि नेहमीसारखं शुद्धलेखन सांगू लागले, "आमची शाळा रस्त्यालगत आहे, पूर्णविराम." फळ्याने 'पूर्णविराम' हा शब्दच लिहिला. "अगं बाई, हे काय?" म्हणाले, तर तेही उमटलं. मुलं खिदळली. "गप्प बसा रे!" तेही उमटलं. पुसायचं कुठे, थांबवायचं कसं, काहीच कळेना. दिसेल त्या चित्रावर बोट दाबत सुटले आणि शेवटी तोंड मिटून नुसती उभी राहिले. मला बघून वर्गही चिडीचूप झाला. तेवढ्यात पहिल्या बाकावरची मुलगी शेजारणीच्या कानात काहीतरी कुजबुजली आणि फळ्यावर टपोऱ्या अक्षरांत आलं, 'बाई लय घाबरल्यात'. रागवावं की हसावं, सुचेना. सवयीने मी त्या ओळीतली चूक शोधू लागले. 'लय' खोडावा म्हटलं, तर हातात खडू नव्हता. आज मिक्सरचं बटण दाबताना ती ओळ पुन्हा मनात वाचली. 'लय' सोडला तर तिच्यात दुसरी चूक मला अजून सापडलेली नाही.