पारोळ्याच्या प्रेसमधला भोंगा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी जळगावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि माझ्या व्हिजिटिंग कार्डावर ‘हार्डवेअर इंजिनिअर’ असं छापलेलं होतं. शिक्षणाने मी राज्यशास्त्राचा पदवीधर. इंजिनिअर हा शब्द नाशिकच्या सहा महिन्यांच्या कोर्समधून सोबत आणलेला, आणि तो कार्डावर किती मोठा छापायचा हे माझं मीच ठरवलेलं.

माझ्या बॅगेत एक निळी फ्लॉपी असायची. तिच्यातला प्रोग्रॅम कॉम्प्युटरचा एकेक भाग तपासायचा आणि प्रत्येकासमोर हिरव्या अक्षरांत ‘पास’ असं लिहायचा. गिऱ्हाईक माझ्या खांद्यावरून बघत राहायचं. बिघाड सापडला नाही तरी तपासणी झाल्याचं समाधान दोघांनाही मिळायचं. खरं सांगायचं तर दहातले आठ बिघाड मी मेमरीची पट्टी काढून, तिची टोकं शाळकरी खोडरबराने घासून, ती परत बसवून दुरुस्त करत असे. पण ते करताना गिऱ्हाइकाकडे पाठ करून उभा राहायचो. इंजिनिअरच्या हातात खोडरबर दिसणं बरं नव्हे.

मग नव्या मदरबोर्डांबरोबर एक सीडी येऊ लागली. तिच्यात यंत्रावर नजर ठेवणारा प्रोग्रॅम होता. पडद्यावर मोटारीसारखी गोल घड्याळं दिसायची: प्रोसेसरचं तापमान, कॉम्प्युटरच्या डब्याच्या आतलं तापमान, व्होल्टेज, आणि आतला इवलासा पंखा मिनिटाला किती वेळा फिरतो ते. मी त्या प्रोग्रॅमच्या प्रेमातच पडलो. दुकानात काम नसलं की तासतासभर काटे बघत बसायचो. एकदा जेवताना बायकोला म्हणालो, “आज पंखा चार हजार सहाशेवर होता.”

“आपल्या स्वयंपाकघरातला पंधरा दिवसांपासून बंद आहे,” ती म्हणाली. “तोही दिसतो का तुमच्या त्या घड्याळात?”

पारोळ्याला एक लग्नपत्रिकांची प्रेस होती. मालकांना सगळे नाना म्हणत, मीही म्हणायचो. आदल्या दिवाळीत त्यांनी माझ्याकडूनच कॉम्प्युटर घेतला होता. पत्रिकेचा मजकूर टाइप करून मांडणी करायला एक ताई होत्या. तिशीच्या, अबोल, बोटं मात्र विलक्षण चपळ. खानदेशातली लग्नपत्रिका म्हणजे नावांचं जंगल. आजोबा, काका, मामा, मावसे, भाऊबंद, चुलत भाऊबंद, कुणीही वगळून चालत नाही आणि कुणाचा क्रम चुकूनही चालत नाही. ताई मात्र दोनशे नावांची पत्रिका एका दुपारी उभी करत.

एप्रिलच्या सुरुवातीला नानांचा फोन आला. कॉम्प्युटर अधूनमधून एकाएकी बंद पडत होता. मी बॅग घेऊन एस.टी.ने पारोळ्याला गेलो.

ताईंनी जागा करून दिली आणि म्हणाल्या, “सर, पायाजवळचा तो विजेचा बोर्ड आहे ना, त्यातली पिन सैल वाटते. माझा पाय लागला की बंद होतं.”

मी हसलो. ते हसू मला अजून आठवतं आणि आठवलं की अंगावर काटा येतो. “ताई, असा अंदाज करून चालत नाही,” मी म्हणालो. “यंत्राला विचारू या.”

फ्लॉपी घातली. मेमरी पास, डिस्क पास, कीबोर्ड पास. पिन तपासायची सोय त्या फ्लॉपीत नव्हती. मग मी सीडी काढली आणि नजर ठेवणारा प्रोग्रॅम बसवला. शेवटी त्याने विचारलं की तापमान मर्यादेबाहेर गेलं तर भोंगा वाजवू का, आणि कॉम्प्युटर आपोआप बंद करू का. मी दोन्हीकडे बरोबरची खूण केली. काळजी घेणारा माणूस दुसरं काय करणार? मात्र हे ना नानांना सांगितलं, ना ताईंना. त्यांना कळलं नसतं, असं मला वाटलं.

महिनाभर काही तक्रार आली नाही. ताई पाय आखडून बसत होत्या हे मला पुढे कळलं. मी मात्र ते श्रेय सीडीला दिलं आणि फैजपूरपर्यंतच्या गिऱ्हाइकांना ही हकिकत ऐकवली.

मे लागला आणि नानांचा पुन्हा फोन आला. “भाऊ, तुमचं यंत्र दुपारी दीड वाजला की बोंब मारतं. कारखान्याच्या भोंग्यासारखं. मग स्वतःच बंद होतं. बाहेर लोकं जमतात.”

मी गेलो. दीडच्या सुमारास खरोखरच पडद्यावर लाल खिडकी उघडली आणि स्पीकरमधून असा आवाज निघाला की समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. मिनिटभराने यंत्र बंद. मला भीती वाटायला हवी होती, पण मनातून मी खूश होतो. प्रोग्रॅमने रोग पकडला होता. मी आतला पंखा बदलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. मी जाऊन आणखी एक पंखा बसवला. पुन्हा फोन. मग डब्याची एक बाजू उघडी ठेवायला सांगितलं. तिसऱ्या खेपेला मी नानांचा स्वतःचा कूलर, ज्याच्यासमोर ते दुपारी जरा आडवे होत, उचलून कॉम्प्युटरच्या उघड्या बाजूला तोंड करून ठेवला.

“मी कुठं झोपू?” नानांनी विचारलं.

“नाना, यंत्र महत्त्वाचं आहे,” मी म्हणालो.

कूलरने पाण्याचा बारीक तुषार मारायला सुरुवात केली. शेजारी रचलेल्या पत्रिकांचे जाड कागद कडांनी वळले, गणपतीच्या छापातला लाल रंग सोंडेपासून खाली उतरला. नानांनी त्या गठ्ठ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गठ्ठा आतल्या खोलीत नेला. भोंगा त्या दिवशी दीडऐवजी पावणेदोनला वाजला. ही पंधरा मिनिटांची सुधारणा मी वहीत नोंदवून ठेवली.

चौथ्या खेपेला गेलो तेव्हा प्रेसमध्ये एक उंच, पांढऱ्या टोपीतले गृहस्थ उभे होते. हातात छापील पत्रिका. पारोळ्याजवळच्याच एका खेड्यातले शेतकरी, नवरदेवाचे सख्खे मामा. ताई मान खाली घालून बसल्या होत्या.

“बठ्ठासना नावं शेतस,” मामा म्हणाले. “मनंच नही शे.” सगळ्यांची नावं होती, नव्हतं ते फक्त त्यांचं.

झालं होतं असं. ताई हाताने लिहून आलेल्या यादीतलं एकेक नाव टाइप करून त्यावर पेन्सिलने खूण करत. मामांचं नाव टाइप झालं, खूण झाली, आणि ते सेव्ह होण्याआधी भोंगा वाजला. घाबरून हात थांबले, यंत्र बंद झालं. नाव गेलं, खूण राहिली. दुसऱ्यांदा सुरू केल्यावर त्यांनी खुणेच्या पुढून टाइप केलं. नवरदेवाच्या वडिलांनी कच्ची प्रत उभ्याउभ्याच पाहून सही केली. पाचशे पत्रिका छापल्या गेल्या, निम्म्या गावोगाव वाटूनही झाल्या.

आता बोलणं मला भाग होतं. “मामा, चूक ताईंची नाही,” मी म्हणालो. “कॉम्प्युटर जास्त गरम झाला, म्हणून बंद पडला.”

मामांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “आठे बठ्ठा गाव गरम शे,” ते म्हणाले. “कोनी बंद पडनं का?”

नानांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. तेवढ्यात ताईंनी आपली वही उघडून माझ्यापुढे सरकवली. लाल खिडकीत रोज जे इंग्रजी येई ते त्यांनी अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं होतं, शेजारी तारीख आणि वेळ. मी त्या खिडकीतला पंख्याचा आकडा आणि प्रोसेसरचं तापमान एवढंच बघत आलो होतो. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, ती कधी वाचलीच नव्हती.

“सर, इथे लिमिट पन्नास लिहिलंय,” ताई म्हणाल्या. “डब्याच्या आतलं तापमान पन्नासच्या वर गेलं की बंद. हे पन्नास कुणी ठरवलं?”

“कंपनीने.”

“कंपनीला पारोळा माहीत आहे का?”

वर पत्रा होता. त्या खोलीतच त्या वेळी पंचेचाळीसच्या आसपास असणार. डब्याच्या आत पन्नास होणं म्हणजे यंत्राला काही झालेलं नव्हतं, त्याला फक्त मे महिना लागला होता. यंत्राला तेवढी गरमी चालत होती. चालत नव्हती ती माझ्या प्रोग्रॅमला, आणि त्याला यंत्र बंद करायचा अधिकार मी स्वतःच्या हाताने दिला होता. चार खेपा, दोन पंखे, एक कूलर आणि भिजलेला गठ्ठा, हे सगळं मी मीच केलेल्या खुणेशी लढताना खर्च केलं होतं.

मी ते तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं. सांगायची इच्छा नव्हती. पण ताईंनी वहीचं मागचं पान उघडून ठेवलं होतं आणि तिथे मी पहिल्यांदा येऊन गेलो त्याची तारीख होती. भोंगा कुणाबरोबर प्रेसमध्ये आला हे त्यांनी केव्हाच ओळखलं असावं.

मी प्रोग्रॅम काढून टाकला. दीड वाजला, दोन वाजले, भोंगा नाही. नानांनी कूलर उचलून आपल्या जागी नेला. मला बरं वाटू लागलं होतं, तेवढ्यात ताईंनी बऱ्याच दिवसांनी पाय मोकळे केले आणि कॉम्प्युटर बंद पडला. या खेपेला मी यंत्राला काही विचारलं नाही. टेबलाखाली आडवा झालो. बोर्डातली पिन दातासारखी हलत होती. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून नवा बोर्ड आणला, तो भिंतीला पायापासून दूर ठोकला, आणि एप्रिलमध्ये सांगितलेला बिघाड मेमध्ये दुरुस्त झाला. टेबलाखालून बाहेर आलो तेव्हा ताई टाइप करत होत्या.

उरलेल्या पत्रिका पुन्हा छापायच्या ठरल्या. ताईंनी मामांचं नाव मामांच्या रकान्यात सर्वांत वर, जाड अक्षरांत घेतलं. दोन दिवसांनी गठ्ठा तयार झाला तेव्हा नाना मला फोनवर म्हणाले, “भाऊ, ही मामांची पत्रिका तुम्ही स्वतः नेऊन द्या. अक्षता लावून.”

मी गेलो. मामांच्या ओट्यावर माझ्यासाठी खाट टाकली गेली. मामांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून पत्रिका वाचायला घेतली. सगळी वाचली, कुलदैवतापासून ‘आमच्या मामाच्या लग्नाला नक्की यायचं हं’ म्हणणाऱ्या पोरांच्या नावांपर्यंत. मी एवढा वेळ कुठल्या परीक्षेच्या निकालासाठीही थांबलो नव्हतो. मग त्यांनी घरात हाक मारून मामींना बोलावलं, स्वतःच्या नावावर बोट ठेवून दाखवलं आणि मला म्हणाले, “लग्नले येजो.”

मला वाटलं, रीत म्हणून म्हणाले असतील. पण लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांचा निरोप प्रेसमध्ये आला आणि नानांनी तो जळगावला पोचवला. नाना, ताई आणि मी, तिघंही गेलो. मांडवात शिरताच मामांनी माझा हात धरला आणि मला एकेका पाहुण्यापुढे उभं करू लागले.

“हाऊच तो,” ते सांगत, “मनं नाव खानारा.”

पाहुणे हसत. काही जण मुद्दाम बायकोला बोलावून मला दाखवत. एका म्हाताऱ्या आजींनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं, जणू ते नाव अजून दातांत अडकलेलं असेल. पहिल्या चार-पाच जणांपर्यंत मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. पण दहाव्या पाहुण्यापर्यंत मीच हकिकत सांगू लागलो, आणि कूलरचा भाग तर थोडा रंगवूनही.

जेवायला मामांनी मला आपल्या शेजारी बसवलं. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी होती. माझ्या पानात ते स्वतः बट्टी कुस्करून तूप ओतत होते आणि पुरे म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करत होते. पलीकडच्या पंगतीत ताई बसल्या होत्या. मामी त्यांना आग्रह करत होत्या. ताई कधी नव्हे त्या मोठ्याने हसत होत्या, आणि मधूनच माझ्याकडे बघत होत्या, त्यावरून विषय कुणाचा चालला होता हे कळत होतं.

त्या दिवशी मला पाच बट्ट्या खाव्या लागल्या. संध्याकाळी एस.टी.त बसलो तेव्हा मामींनी वर्तमानपत्रात बांधून दिलेल्या आणखी चार माझ्या बॅगेत, पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या वर, गरम होत्या.