खालांचे चिलगोजे

खाला कुठलीही वस्तू आधी नाकाने बघायच्या, मग डोळ्यांनी. बोर्ली पंचतनच्या बाजारात त्या पायरीवर उभ्या राहिल्या की दुकानदार न सांगता पोत्याचं तोंड सोडायचा. चार शेंगदाणे तळहातावर चोळून त्या नाकाशी न्यायच्या आणि पसंत पडले नाहीत तर एक शब्दही न बोलता परत टाकायच्या. दुकानदाराला तेवढं पुरायचं. "भाव मागून विचार, बाई," त्या मला म्हणायच्या. "आधी वास घे."

मी पालीची. बदली होऊन इथल्या शाळेत आले तेव्हा खालांच्या घरामागच्या दोन खोल्या मला भाड्याने मिळाल्या. खाला म्हणजे मावशी; सगळं गाव त्यांना तशीच हाक मारायचं. त्यांचे पती कुवेतची नोकरी सोडून परतले आणि लवकरच वारले. मुलगा रफीक बायकामुलांसह दोहाला. घरात त्या एकट्या. "एका माणसासाठी काय कुकर लावतेस?" असं म्हणून त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझं जेवण आपल्याकडे ओढून घेतलं. मी मांसमच्छी खात नाही म्हणून एक पातेलं वेगळं काढलं आणि त्याला पुढे कुणाला हात लावू दिला नाही.

चिलगोजे मी पहिल्यांदा त्यांच्याकडेच खाल्ले. डोंगराकडच्या पाइनच्या झाडाच्या या बिया आमच्या पालीच्या घरात कधी आल्या नव्हत्या. खालांच्या नवऱ्याला कुवेतमध्ये त्यांची चटक लागली होती. सुटीवर येताना तो थैलीभर आणायचा, आणि खाला तुपात परतून ते भातावर पसरायच्या. तो गेल्यावरही पाहुणा आला की तो भात व्हायचाच. मुंबईच्या एका जुन्या सुकामेवावाल्याकडून त्या ते मागवत. "सालासकट घ्यावेत," त्या सांगायच्या. "लांब, बारीक, हस्तिदंतासारखे. सोललेले घेतलेस तर तेल सुटलेलं नको, पिवळे पडलेले नको." एक दाणा दातांखाली फोडून त्या डोळे मिटून गप्प बसायच्या. तेवढा वेळ मीही बोलत नसे.

तो सुकामेवावाला म्हातारा झाला आणि त्याने दुकान बंद केलं. नेमका त्याच वर्षी रफीक मुलांना घेऊन येणार होता. खालांनी मग एका नव्या दुकानातून बंद पाकीट आणलं. पाकिटाला नाक लावून काय कळणार? घरी फोडल्यावर त्या म्हणाल्या, "आखूड हायत. बुटके." पण वास चांगला होता, खवटपणा नव्हता, म्हणून मूठभर खाऊन त्यांनी बाकीचे ठेवून घेतले. त्याच दिवशी मी सुटीला पालीला गेले.

परत आले तर खाला ओटीवर बसलेल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत. चहा केला तो इतका गोड की माझ्याने पिववेना. मी तसं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच धडकी भरली.

"दार लाव, बाई," त्या म्हणाल्या.

मी दार लावलं.

"माझं तोंड कडू झालंय. चहा कडू, डाळ कडू, खजूर तोंडात टाकला तर तोही कडू. दात घासले, मिठाच्या गुळण्या केल्या. जात न्हाय."

"पित्त असेल, खाला."

"पित्त न्हाय. माझ्या बहिणीचं असंच झालं होतं. पहिलं तोंड कडू. मग डोकं दुखायला लागलं. मग डॉक्टरांनी फोटो काढला, तर डोक्यात गाठ. पुढच्या ईदला ती न्हवती."

डॉक्टरकडे जायला त्या तयार होईनात. "तो काय सांगणार ते मला माहीत हाय." रफीकला कळवायचं नाही, अशी शपथ त्यांनी माझ्याकडून घेतली. दुसऱ्या दिवशी मला आतल्या खोलीत नेऊन त्यांनी ट्रंक उघडली. हजहून येताना आणलेलं पांढरं कापड तळाशी घडी करून ठेवलं होतं. "कफन कुठं हाय ते कुणाला तरी ठाऊक असावं," एवढंच म्हणून त्यांनी झाकण लावलं. शाळेत फळ्याकडे तोंड करून उभी राहिले की ते कापड दिसायचं. घरी परतताना कोपऱ्यावरून मी आधी त्यांच्या खिडकीकडे बघायची. त्या ओट्याशी हलताना दिसल्या की पाय पुढे पडायचे.

स्वयंपाक मात्र त्यांनी सोडला नाही. मीठमसाला नाकाने जमवायच्या आणि चमचा माझ्यापुढे धरायच्या. रफीकसाठी करायचा तो भात एकदा करून बघू, म्हणून त्यांनी माझ्या पातेल्यात थोडा भात केला, वर चिलगोजे परतून घातले. मी चाखून सांगितलं, छान झालाय. खरोखरच झाला होता. मी पोटभर खाल्ला.

एक दिवस मध्ये गेला. त्यानंतरच्या सकाळी मी चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. चहा कडू होता. साखर घातली, तरी कडू. बिस्किट खाल्लं, तर जिभेवर पितळेचं भांडं चाटल्यासारखी चव राहिली. खालांचं दुखणं मला लागलं की आम्हां दोघींच्या पोटात विष गेलंय, काहीच कळेना. आईला फोन लावायला घेतला आणि काय सांगायचं ते न सुचून ठेवून दिला. शेवटी खालांकडे गेले.

"खाला, माझंही तोंड कडू झालंय."

त्या भाकरी थापत होत्या. पिठाचे हात तसेच ठेवून त्या उभ्या राहिल्या. इतके दिवस स्वतःसाठी घाबरलेल्या बाईच्या चेहऱ्यावर मी आता वेगळीच भीती पाहिली.

"तुझं? तुझं कशाला?" त्या म्हणाल्या. "चल. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल."

तव्यावरची भाकरी तशीच टाकून त्यांनी गॅस बंद केला. श्रीवर्धनपर्यंत रिक्षात त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हाताने तसबीहचे मणी फिरवत त्या पुटपुटत होत्या. मधेच थांबून विचारायच्या, "डोकं दुखतंय? खरं सांग." दुखत नव्हतं, पण त्यांनी विचारलं की दुखू लागल्यासारखं वाटायचं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. दोघींचं तोंड कडू झाल्याचं मी सांगून टाकलं. त्यांनी खालांचं ब्लडप्रेशर पाहिलं, दोन्ही हात वर करायला लावले, चालायला लावलं, डोळ्यांत बॅटरी मारली. मग विचारलं, "दोघींनी सारखं असं काय खाल्लंत?"

आम्ही आठवून आठवून सांगत गेलो. डाळ, भाकरी, भात. चिलगोज्यांचं नाव निघताच त्यांनी लिहिणं थांबवलं. "लांब होते की आखूड?"

"आखूड," खाला म्हणाल्या.

"पाइनच्या एका जातीच्या बियांनी असं होतं, असं मी वाचलंय. खाल्ल्यावर एकदोन दिवसांनी तोंड कडू होतं. काही दिवस राहतं, आपोआप जातं. उरलेले फेकून द्या. महिन्याभरात गेलं नाही किंवा डोकं दुखलं, तर मोठ्या दवाखान्यात तपासू."

"आणि हिचं?" खालांनी माझ्याकडे बोट केलं.

"दोघींचंही तेच."

रिक्षात बसल्यावर खालांनी माझं मनगट पुन्हा धरलं. मग म्हणाल्या, "वासानं फसवलं मला." घरी पोचताच त्यांनी अख्खं पाकीट परसात खड्डा करून पुरलं, कोंबड्यांनी खाऊ नये म्हणून वर दगड ठेवला. तरी भीती लगेच गेली नाही. रफीक आला तेव्हाही त्यांचं तोंड कडूच होतं. भात बिनचिलगोज्यांचा झाला. नातवंडांनी ताटं चाटून पुसून साफ केली आणि खाला एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

मुलं परत गेली त्या सुमारास एका सकाळी त्या परसातून कैरी खात आल्या. "आंबट हाय," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. मग लगेच विचारलं, "तुझं?" माझं अजून गेलं नव्हतं. ते जाईपर्यंत त्यांनी आनंद असा केलाच नाही.

दोन वर्षांनी माझी मुरुडकडे बदली झाली. दिघीच्या धक्क्यावर त्या मला सोडायला आल्या. फेरीबोटीची वाट बघताना म्हणाल्या, "तोंड कडू झालं तेव्हा तू पालीला होतीस. मी फोन केला न्हाय. का, ठाऊक हाय? वाटलं, दुखणाईत बाईच्या घरात ही कशाला राहील. परत येणारच न्हाय." मी म्हटलं, "असं कसं वाटलं तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "मरायला घाबरत न्हवते एवढी. एकटीनं मरायला घाबरत होते." मग बोट लागली आणि त्यांनी माझी पिशवी आपल्या हाताने बोटीवर चढवली.

गेल्या पावसाळ्यात शाळेच्या वेळात फोनवर रफीकचं नाव दिसलं. त्याने मला याआधी कधीच फोन केला नव्हता. मी व्हरांड्यात आले आणि तो वाजू दिला. उचलायचं धैर्य होईना. थांबून पुन्हा वाजला तेव्हा उचलला.

"बाई, अम्मी गेली. पहाटे," तो म्हणाला.

मी विचारलं, "जवळ कोण होतं?"

"मी होतो," रफीक म्हणाला. "गेल्या आठवड्यातच आलो होतो. हात माझ्याच हातात होता."

मी व्हरांड्याच्या खांबाला धरून खाली बसले, आणि मग रडले.