इंदूची लाल बाहुली

लाल रंग... कुंकवाहून जरा गडद, आणि त्यावर पिवळी-पांढरी फुले. हात नाहीत, पाय नाहीत, नुसती एक गोलसर, हलकी, आतून पोकळ बाहुली. काळेभोर केस आणि रेघेएवढे बारीक डोळे. काकांनी ती दोन्ही तळहातांवर उभी धरली होती, कोल्हापुरातल्या शनिवार पेठेतल्या आमच्या घराच्या उंबऱ्यावर सकाळचे ऊन आले होते, आणि दारातल्या तुळशीचा ओला वास येत होता. आज इतक्या वर्षांनीही डोळे मिटले की आधी ती बाहुलीच दिसते. काकांचा चेहरा मागाहून येतो.

काका पलटणीत होते. लढाई संपल्यावर त्यांची पलटण जपानात नेऊन ठेवली होती. इंदू त्यांची एकुलती एक लेक. तिला त्यांनी पाहिले होते ते एकदाच, रजेवर आले तेव्हा, पाळण्यात. त्या उन्हाळ्यात पेठेत देवीची साथ आली, आणि इंदू व मी एकाच खोलीत, कडुलिंबाच्या डहाळ्यांच्या कडवट वासात, शेजारी शेजारी निजलो. मी उठले. इंदू उठली नाही. तोवर काका परतीच्या बोटीवर चढले होते, आणि समुद्रावरच्या माणसाला कोण कसे कळवणार? माझे वडील स्टेशनवर त्यांना आणायला गेले खरे, पण टांग्यातून घरापर्यंत येताना त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही.

"इंदे, बघ की काय आणलंय!" काका दारातूनच ओरडले. इंदू काही बाहेर येईना. त्यांना वाटले, पोर लाजून लपली असेल. ते आपले हसत हसत सांगत सुटले, "तिथं बी आपल्यागतच हाय की! आपल्याकडं पावणं आलं की गूळ, चपला, साज घिऊन जातंय, तसं तिथं परतेक गावाची एक वस्तू. ह्या गावाची ही बाहुली. दुकानातली म्हातारी खुणंनं सांगत हुती, पोरीच्या उशाला ही असली की..." आणि त्यांनी बोटाच्या टोकाने स्वतःच्या गालावर ठिपके ठिपके करून दाखवले, मग बाहुलीकडे बोट करून जोराने हात हलवला, "...असलं काय हुईत न्हाई."

तेवढ्यात त्यांची नजर माझ्या तोंडाकडे गेली. व्रण तेव्हा ताजे होते, गुलाबी. ते माझ्याकडे पाहतच राहिले, मग आत, काकीकडे पाहिले, आणि त्यांचे बोट तसेच गालाशी राहिले. माझ्या तोंडाने त्यांना ती बातमी दिली... मला तर काही बोलावेही लागले नाही.

त्यांच्या ट्रंकेतून नंतर बऱ्याच गावांच्या खुणा निघाल्या. झाकणाची काळी चकचकीत वाटी, कागदी पंखा, लाकडी डबीतले पांढुरके गोड गोळे – बोटीच्या दमट हवेत त्यांना बुरशी आली होती, तरी आम्ही मुलांनी ते चाटून पाहिले. बाहुली मात्र काकीने कुणाच्या हाती दिली नाही. इंदूचा पाळणा अजून कडीला टांगलेला होता, त्यात तिने ती निजवली.

मग ते दिवस सुरू झाले. दुपारी सगळीकडे सामसूम झाली की त्या खोलीतून पाळण्याच्या कडीची कुरकुर ऐकू यायची. मला त्या बाहुलीची भीती वाटे, आणि खरे सांगायचे तर तिचा हेवाही वाटे. साथीआधी मला न्हाऊमाखू घालणारी, केस विंचरताना पाठीत धपाटा घालणारी काकी आता माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. भाकरी वाढतानासुद्धा तिची नजर ताटातच असे. गल्लीतली पोरे मला चाळण म्हणत, म्हणोत बापडी. पण काकीने तोंड फिरवलेले मला सोसत नसे. मला वाटे, उठायची होती ती इंदू, आणि चुकून मीच उठले. काका तर त्या खोलीत पाऊलच टाकीत नसत. दिवसभर बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहत. इंदूचे नाव घरात कुणी घेत नव्हते, आणि ती मात्र घरभर होती.

श्रावणात शीतळासप्तमी आली. त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटत नसे. आदल्या दिवशीचा दहीभात देवीला दाखवायचा, लेकरांना गार पाण्याने न्हाऊ घालायचे, म्हणजे देवीचा दाह निवतो. काकी पहाटेच उठली होती. तिने घंगाळात आडाचे पाणी भरले, बाहुली पाळण्यातून काढली आणि मांडीवर घेऊन तिच्या डोक्यावरून तांब्या ओतला. एक, मग दुसरा... "गार हो गं माझी बाय, गार हो," असे ती पुटपुटत होती.

मोरीतून लाल पाणी वाहत बाहेर आले. ते काकांनी कट्ट्यावरून पाहिले आणि ते धावत आत आले. "अगं, काय केलंस! कागुद हाय ती! कागदाची हाय ती!" पण तोवर बाहुलीचे डोळे पुसले होते, मान वाकडी झाली होती, आणि काकीच्या बोटांत नुसता लाल चिखल उरला होता.

काका तिथेच मोरीच्या ओल्यात बसले. त्यांना रडताना मी प्रथमच पाहत होते. रडता रडताच त्यांनी विचारले, "कशी गेली गं माझी इंदी?"

हे त्यांनी तोवर विचारलेच नव्हते. काकीने सांगितले. अगदी हळू, सगळे सांगितले. ती पाणी कसे मागत होती, शेवटी कुणाला हाका मारीत होती. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. मीही त्याच खोलीत होते, पण मला त्यातले काहीच आठवत नव्हते.

काकीने तो चिखल टाकला नाही. बोटांनी चाचपून ती म्हणाली, "हे तर आपल्या टोपल्यांचंच काम हाय." आमच्या घरी बायका रद्दी भिजवून, मेथी घालून वाटून त्या लगद्याच्या टोपल्या करीत. तिने तसाच लगदा वाटला, त्यात तो लाल चिखल मिसळला आणि पालथ्या तांब्यावर थापून थापून पुन्हा बाहुलीचा आकार उभा केला. मग मला हाक मारली. "हिकडं ये. बस म्होरं."

माझी हनुवटी तिने हातात धरली. तिच्या बोटांना मेथीचा कडू वास येत होता. तिने एक बोट माझ्या गालावरून, एकेका खळग्यावरून सावकाश फिरवले. तिने हात काढू नये, एवढेच मला वाटत होते. मग तिने मूठभर मेथीदाणे घेतले आणि बाहुलीच्या ओल्या गालांत एकेक दाणा दाबून पुन्हा काढून घेतला. वाळल्यावर देवळाजवळच्या दुकानातल्या कुंकवाने अंग रंगवले, काजळाने डोळे काढले. ते डोळे रेघेसारखे नव्हते. मोठे होते, आमच्या इंदूचे होते.

काकांनी बाहुली हातात घेतली, तिच्या गालावरून अंगठा फिरवला आणि काकीकडे पाहिले.

"उठली असती, तर अशीच दिसली असती," काकी म्हणाली. आणि मला जवळ ओढून घेत पुढे म्हणाली, "ह्या पोरीगत."

पाळणा त्याच आठवड्यात उतरवला.

काका गेले, काकी गेली, पेठेतले ते घरही राहिले नाही. बाहुली माझ्याकडे आहे. पावसाळी हवेत कपाट उघडले की अजून मेथीचा वास येतो. घरी येणारे पाहुणे ती कुठली म्हणून विचारतात. मी कधी जपानची म्हणते, कधी कोल्हापूरची, आणि दोन्ही खरेच आहे. माझ्या गालांवरचे व्रण आता सुरकुत्यांत हरवून गेले आहेत, मलाच शोधावे लागतात. तिचे मात्र तसेच आहेत... ती तेवढीच राहिली.