व्हिएन्नाला जायच्या आधी मागितलेला सातबारा

माझ्या लेकानं माझ्यासाठी एक पत्र टाईप करून आणलं. त्यात लिहिलं होतं, 'माझी आई पूर्णपणे माझ्यावर अवलंबून आहे.' मला ते पटलं नाही... अजूनही पटलेलं नाही. हे आधी सांगितलं, आता ग्रुपवरच्या सगळ्यांना रामराम.

माझी लेक रेखा व्हिएन्नाला दवाखान्यात नर्स आहे. तिकडं जाऊन पाच वर्षं झाली. पाचही वर्षं तिचं एकच चाललंय, आई, एकदा आठवडाभर ये, माझं घर तरी बघ. मी म्हणायची, गाईंना कोण बघंल... यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं, गाई विकल्या. मग म्हटलं, जाऊ.

दिवाळीनंतरचे सात दिवस ठरले. कोणत्या वारी काय, ते रेखानं सगळं लिहून पाठवलं. सोमवारी नुसता आराम. मंगळवारी राजवाडा, पण सगळ्या खोल्या नाहीत, आईचे गुडघे. मग नदी, मग ट्राममध्ये बसून गावाला एक फेरा, मग जत्रेत असतो तसला मोठा पाळणा... त्याला म्हणे बसायला खोल्या आहेत, वारा लागत नाही. एक दिवस तिचा दवाखाना लांबून बघायचा.

रविवारी काहीच नाही. जावई कामावर जाणार, आम्ही दोघींनी घरात बसायचं आणि मी भाकरी करायची. तिथल्या शेगडीवर तिची भाकरी फुगत नाही. मला राजवाड्याचं काही नव्हतं, मी तो रविवार धरून बसले होते. ज्वारीसुद्धा निवडून डब्यात भरली होती.

परवा माझा लेक संपत मला नगरला घेऊन गेला. तिथं एक मॅडम व्हिसाचे कागद जुळवून देतात. बाई चांगली आहे, माझ्याकडं बघून बोलत होती, संपतकडं बघून नाही.

"आजी, तुम्ही तिकडून परत येणार, याला आधार काय दाखवायचा?"

"मला तिथं राहून काय करायचंय मॅडम? भाषा येत न्हाई अन् भाकरी फुगत न्हाई."

त्या हसल्या. "मला पटलं. पण त्यांना कागद लागतो. शेती आहे का?"

"हाय की, पाच एकर. तीन एकर ऊस हाय, बाकी कांदा."

"मग तुमचं नाव असलेला सातबारा द्या."

संपत मोबाईलमध्ये बघायला लागला...

आमचे मालक वारले, त्या वर्षी आम्ही श्रीगोंद्याच्या कचेरीत जाऊन हक्कसोड करून दिलं होतं. म्हणजे मी आणि रेखानं लिहून दिलं, आमचा वाटा आम्हाला नको, जमीन एकट्या संपतच्या नावावर करा. आमच्याकडं तसंच करतात. बहीण सही करते, भाऊ साडी देतो, सगळे चहा पितात आणि घरी येतात.

त्या दिवशी रेखानं पेन खाली ठेवलं होतं. माझ्याकडं बघत होती. मीच म्हटलं, "माहेर तुटायला नको असंल तर कर सही." तिनं केली. मग मी केली. मी दुसरीपर्यंत शिकलेली, इतर बायांसारखा अंगठा लावत नाही, याचाच मला लई ताठा. कागदात काय लिहिलंय ते वाचलं नाही.

त्या जमिनीतली विहीर खणताना मातीच्या पाट्या मी डोक्यावर वाहिल्यात. रेखा तेव्हा बांधावर झोळीत होती. आणि आज कागद म्हणतो, या बाईला परत यायला जागा नाही.

मॅडम म्हणाल्या, हरकत नाही, मुलाचं पत्र जोडलं तरी चालंल. संपत शेजारच्या दुकानातून ते टाईप करून घेऊन आला आणि मला वाचून दाखवलं.

"संपत, हे फाड."

"आई, फॉर्मपुरतं हाय गं नुसतं. कोण वाचत बसतंय?"

"हक्कसोडीचा कागद बी फॉर्मपुरताच हुता."

मॅडमनी मला पाणी दिलं. फॉर्म तसाच ठेवून आम्ही उठलो.

संध्याकाळी रेखाचा व्हिडिओ कॉल आला. सगळं सांगितलं तर रडायला लागली. "आई, मला काही नको गं, तू फक्त ये. मी सुट्टी टाकलीय."

मी म्हटलं, "तुला इचारलंय कुणी? त्या दिवशी बी न्हाई इचारलं, आज बी न्हाई इचारत. चूक माझी हाय, ती मला निस्तरू दे."

संपत वाईट नाही. गुडघ्याच्या वेळी त्यानं मला उचलून न्हाणीत नेलंय, हे मी विसरणार नाही. गावानं केलं तेच त्यानं केलं... आणि मी करायला लावलं. पण सेवा केली म्हणून माझं नाव पुसायची मुभा मिळत नाही.

म्हणून सगळ्या नातेवाइकांसमोर लिहिते. जाईन तर माझ्या नावाच्या सातबाऱ्यावर जाईन, आणि त्यावर रेखाचंही नाव पाहिजे. वेळ लागंल, लागू दे. दिवाळीनंतर नाही जमलं तर उन्हाळ्यात जाऊ. राजवाडा कुठं पळत नाही, ज्वारी डब्यात आहे.

संपत, तू हे वाचतोयस. खाली उत्तर तूच द्यायचं. सूनबाईनं नाही, मामानं मध्ये पडून समजूत घालायची नाही, रेखानं तर अजिबात नाही. आणि अंगठ्याचं चित्र टाकून मोकळा होऊ नको. श्रीगोंद्याला कोणत्या दिवशी जायचं, तो वार लिही.