घोंगडीवरचं पाणी आणि पोकळीतली ठिणगी

कल्पना करा, तुमच्या चिमट्यात अंगठ्याएवढा पांढराशुभ्र सिरॅमिकचा खुंट आहे. तो दोन गुळगुळीत पोलादी तबकड्यांमध्ये उभा करायचा, वरून डब्याचं झाकण आवळायचं, पंप लावून आतली जवळजवळ सगळी हवा काढून टाकायची आणि मग एका तबकडीवरचं व्होल्टेज हळूहळू चढवत न्यायचं. बटण फिरवताना श्वाससुद्धा जपून घ्यायचा. वीज खुंटाच्या अंगावरून पलीकडे गेली, की काचेच्या खिडकीत निळी रेघ चमकते आणि तुमची सकाळ वाया जाते.

शिरड शहापूरची रागिणी हे काम रोज करते. कळमनुरी रस्त्यावर विश्वंभर सरांचा छोटा कारखाना आहे. निर्वात यंत्रांमधले विजेचे भाग एकमेकांपासून दूर धरून ठेवणारे असे खुंट तिथं बनतात. रागिणीच्या घरी मेंढरं आणि थोडं कोरडवाहू रान. डिप्लोमा करणारी घरातली ती पहिलीच. चाचणीची खोली आपल्या ताब्यात यावी, एवढं एकच तिच्या मनात होतं. शुक्रवारी गिऱ्हाईक माल बघायला येणार होतं.

"खुंटानं तीस हजार व्होल्ट धरले तर खोलीची चावी तुझी," सर म्हणाले होते. "नाहीतर पुण्याहून माणूस बोलवावा लागेल. मग तू पॅकिंगला."

आणि खुंट अठरा हजारांवरच ठिणगी टाकत होते.

ठिणगी का पडते, हे रागिणी शिकलेली होती. धातू, सिरॅमिक आणि पोकळी जिथं एकत्र येतात, त्या कोपऱ्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. ते सिरॅमिकवर आपटतात आणि तिथले आणखी उडवतात. खुंटाच्या अंगावर विजेचा भार साचत जातो, आणि तो नव्या इलेक्ट्रॉनांना अजून जवळ ओढतो. त्यात अंगाला काही चिकटलेलं असलं तर त्याची वाफ सुटते आणि विजेला वाटच मिळते. म्हणून खुंट स्वच्छ हवा. पण तिनं तर खुंट धुऊन, भट्टीत तापवून, हातमोजे घालून बसवले होते! मागच्या आठवड्यात असेच खुंट तीस हजार सहज झेलत होते.

"पोरी, नजर लागली का काय तुझ्या खुंटांना?" पॅकिंगच्या नानीबाईंनी दारातून विचारलं. "लिंबू-मिरची बांधू का?"

"बांधा मावशी, पण डब्याच्या भाईर. आत बांधली तर पंप रडत बसंल."

हसता हसता तिनं खुंट काढला आणि शुद्ध पाण्यात बुडवून उजेडात धरला. स्वच्छ सिरॅमिकवर पाणी सपाट पसरतं. इथं एका बाजूला ते फाटलं होतं, थेंब-थेंब होऊन उभं होतं. बोट टेकल्याएवढीच जागा.

असे थेंब तिनं लहानपणापासून पाहिले होते. भुरभुर पावसात वडिलांच्या, आबांच्या घोंगडीवर पाणी असंच उभं राहतं. लोकरीचं तेल त्याला आत शिरू देत नाही.

लोकर! घरी याच आठवड्यात कातरणी सुरू झाली होती. रोज सकाळी ती मेंढरू धरायची, आबा कातरायचे. मग साबणानं हात धुऊन ती कामावर यायची आणि हातमोजा घालताना उघड्या हातानं त्याची बोटं धरून ओढायची. साबणाला न जुमानणारं ते तेल मोज्याच्या बोटांवर, आणि तिथून खुंटावर.

"सर, चूक माझीच हाय," ती सरळ जाऊन म्हणाली. "चेंबरमदी मेंढरं शिरली."

"काय शिरलं?"

तिनं थेंब दाखवले, सगळं सांगितलं. सरांनी खुंट उजेडात फिरवून बघितला.

"मग कातरणी संपेपर्यंत सुट्टी घे."

"सुट्टी काहून, सर? मोजा मनगटाकडून धरून घालते. खुंट ॲसिटोननं धुते, परत तापवते."

"शुक्रवारपर्यंत होईल?"

"व्हईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाड्यावर मेंढरांमध्ये आली तीच रबरी हातमोजे चढवून. आबांची कातर हातातच थांबली.

"हे काय गं? मेंढराचं ऑपरेशन करून राहिली का?"

"व्हय आबा. ह्याचं तेल माझ्या खोलीच्या आड येऊन राहिलं."

"ते मेंढरूच बिचकून राहिलं बघ," तिची आई नर्मदाबाई म्हणाल्या. "त्याला वाटलं, डॉक्टरीण आली सुई घेऊन."

शुक्रवारी गिऱ्हाईक खिडकीशी उभं असताना रागिणीनं बटण फिरवलं. अठरा हजार गेले. पंचवीस गेले. तीस हजारांवर काटा थांबला आणि खिडकीत अंधारच राहिला. असा सुंदर अंधार तिनं कधी पाहिला नव्हता. संध्याकाळी चावी तिच्या ओढणीच्या टोकाला होती, आणि नानीबाई सगळ्यांकडे पेढे मागत फिरत होत्या.

आता खोली तिची आहे, म्हणून ती मनाजोगते प्रयोगही करते. चाचणी झालेला खुंट ती कधीकधी पोकळीत तसाच ठेवते आणि सकाळी पुन्हा व्होल्टेज चढवते. तो नव्या खुंटासारखा वागत नाही. कालचं काहीतरी त्याच्या अंगावर उरलेलं असतं. थंडीत घोंगडी झटकली की चटचट वाजते, पण हवेत दमटपणा आला की तो भार निघून जातो. त्या डब्यात तर हवाच नाही. मग वीज बंद केल्यावर सिरॅमिकवर साचलेला भार जातो तरी कुठं?