ऐंशीवर बटण बंद

वारज्याच्या शैला देवस्थळी रोज सकाळी आपल्या विजेवरच्या गाडीतून तीन प्राध्यापिकांना वाघोलीच्या कॉलेजात सोडत आणि संध्याकाळी परत आणत. पन्नाशीनंतर सुरू केलेलं हे त्यांचं पहिलंच स्वतःचं काम, आणि त्यात त्यांचा जीव रमला होता.

मंगळवारी परतताना खराडीजवळ गाडी भर रस्त्यात थांबली. पडद्यावर अजून पाव बॅटरी दिसत होती. तिघी रिक्षाने गेल्या. जाताना त्यांच्यातली अपूर्वा हळूच म्हणाली, की उद्या आम्ही दुसरी सोय बघतो. बॅटरी गेली तर कामही गेलं, हे शैलाताईंना कोणी समजावून सांगायला नको होतं.

घरात बॅटरीची काळजी नवरा श्यामराव वाहत. ऐंशी टक्क्यांच्या वर चार्ज करू नका, आयुष्य वाढेल, असं शोरूममध्ये सांगितलं होतं. दोन घास कमीच खावेत या मताच्या श्यामरावांना ते फारच पटलं. जेवण झालं की चपला अडकवून ते पार्किंगमध्ये उतरत आणि ऐंशी दिसले रे दिसले की बटण बंद. गाडी घेतल्यापासून तिचं पोट एकदाही पुरतं भरलं नव्हतं, आणि याचा त्यांना कोण अभिमान.

दुसऱ्या दिवशी गाडी उचलून सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या फैझल नावाच्या इंजिनिअरने ती दिवसभर ठेवून घेतली आणि संध्याकाळी दोघांना बोलावलं.

"बॅटरी गेलेली नाही," तो म्हणाला.

शैलाताई खुर्चीत टेकल्या.

"मागच्या महिन्यात बॅटरी लवकर उतरते म्हणून आले होते, तेव्हाही सगळं नॉर्मल आहे म्हणाला होतात."

"तेव्हा कोणी तपासलंच नव्हतं, मॅडम. नुसती धुऊन दिली."

"धुतली मात्र छान होती," श्यामराव म्हणाले.

फैझल हसला नाही. त्याने सगळं नीट सांगितलं. सोसायटीच्या टाकीत पाणी किती, हे वॉचमन अंदाजाने सांगतो. टाकी काठोकाठ भरली की त्याचा अंदाज पुन्हा जुळतो. या बॅटरीचंही तसंच. ती आठवड्यातून एकदा पूर्ण भरावीच लागते, नाहीतर पडद्यावरचा आकडा भरकटत जातो. ऐंशीचा सल्ला दुसऱ्या मॉडेलचा होता.

"चूक आमची आहे, काका. तुमची नाही. अजून एक सांगतो. नवी असताना एका चार्जिंगमध्ये जेवढी जायची त्यापेक्षा दहावा हिस्सा कमी जाईल आता. ते परत येणार नाही, दरवर्षी थोडं थोडं कमीच होणार. शोरूममध्ये हे सांगत नाहीत."

श्यामराव म्हणाले, "म्हणजे मी तिला इतके दिवस उपाशी ठेवलं."

शैलाताईंना हसू आवरेना. गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदाच त्या हसत होत्या.

घरी येऊन त्यांनी अपूर्वाला फोन केला. गाडी ठीक आहे हे आधी सांगितलं. मग बाकीचंही सांगून टाकलं: ती आता पहिल्याइतकी लांब जात नाही, उन्हाळ्यात एसी लावला की एखाद्या दिवशी वाटेत चार्जिंगला थांबावं लागेल.

अपूर्वा म्हणाली, "थांबू की. पण त्या दिवशी चहा तुमच्याकडून हं, काकू."